अनुदानित प्राथमिक शाळांना प्रवेशासाठी हद्द असावी का?

खडूफळा

गोव्यात पहिलीसाठी शाळा निवडताना पालकांना हद्द नाही. शिक्षण हक्क कायद्याखालच्या नियमांत चालत एक किलोमीटरचे अंतर आहे, पण ते सरकारने शाळा कुठे द्यायची यासाठी आहे. मुलाने तिथेच जावे असे त्यात नाही. त्यात बालरथ, म्हणजे सरकारी खर्चाच्या शाळाबस, अनुदानित शाळांना मिळतात, सरकारी प्राथमिकला नाही. दोन्ही शाळा सरकारी पैशावर चालतात, आणि एक शाळा दुसरीच्या दारातून मुले उचलून नेते.

पुढचा हिशेब सोपा आहे. समजा चार इयत्तांत मिळून २४ मुले. दहा बसने गेली, चौदा उरली. ६० पर्यंत पटाला कायद्याने दोन शिक्षक. त्यातला एक निवडणुकीच्या कामाला किंवा प्रशिक्षणाला गेला की दुसऱ्यासमोर चारही इयत्ता एकाच खोलीत. पालकांना हे दिसते, आणि आणखी चार जण दाखला मागतात. शेवटी राहतात ती ज्यांच्या घरी बसथांब्यावर सोडायला माणूस नाही, गणवेश-देणगीला पैसा नाही, त्यांची मुले. मग पट कमी म्हणून शाळा जवळच्या शाळेत विलीन करायचा प्रस्ताव येतो!

म्हणून मागणी अशी: अनुदानित शाळेने पहिलीच्या निम्म्या जागा एक किलोमीटरच्या आतल्या मुलांना द्याव्यात, उरलेल्या चिठ्ठ्या टाकून. आणि ज्या वाड्यावर सरकारी शाळा चालू आहे तिथून बालरथाने पहिली ते चौथीची मुले नेऊ नयेत.

तळेकाठ

हद्दीने दरी मिटत नाही, पक्की होते. दोनापावलाला एक किलोमीटर फिरलात तर बंगले आणि फ्लॅट, झुआरीनगरला भाड्याच्या खोल्या. तुमच्या नियमाने दोन्हीकडच्या निम्म्या जागा आपापल्या वस्तीत कायमच्या अडकतील. आज निदान एखादी आई पोराला बसने दुसरीकडे पाठवू शकते, तीही वाट तुम्ही बंद करताय.

अमेरिकेत हे घडून गेले आहे. डेट्रॉइट शहराच्या शाळांबद्दलच्या मिलिकन खटल्यात १९७४ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने उपनगरांना काळी-गोरी मुले एकत्र शिकवण्याच्या शहराच्या योजनेत ओढायला नकार दिला. ज्यांना परवडत होते ते हद्दीबाहेर राहायला जात राहिले. इथे तर घर घ्यायचीही गरज नाही, ओळखीच्याच्या पत्त्यावर भाडेकरार करून आणला की झाले.

आणि एक किलोमीटर मोजणार कसे? नकाशावर सरळ रेषा ओढली तर दिवाडी आणि जुने गोवे शेजारी ठरतात, मध्ये मांडवी आणि फेरीबोट असली तरी. पायवाटेने मोजायचे असेल तर हमरस्ता कुठे ओलांडावा लागतो, पावसाळ्यात कुठला बांध पाण्याखाली जातो, हे वाड्यावाड्याने पाहावे लागेल.

गावठाण

दोघेही माध्यमाला बगल देताय. १९९० च्या धोरणाने अनुदान मराठी-कोकणी प्राथमिकलाच होते, २०११ मध्ये ते इंग्रजीलाही खुले झाले. पालक बससाठी शाळा बदलत नाहीत, इंग्रजीसाठी बदलतात. अनुदानित इंग्रजी प्राथमिक शाळा बहुतेक अल्पसंख्याक संस्थांच्या आहेत, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या प्रमती निकालाने अल्पसंख्याक शाळा शिक्षण हक्क कायद्याबाहेर ठेवल्या. म्हणजे तुमची हद्द लागणार कोणाला? आधीच पट गमावणाऱ्या मराठी-कोकणी अनुदानित शाळांना. हे मला अजिबात मान्य नाही.

खडूफळा

गावठाण, मुद्दा रास्त आहे. पण अट शिक्षण हक्क कायद्यातून आणायची गरज नाही. अनुदानाचे नियम १९८४ च्या गोवा शालेय शिक्षण कायद्याखाली येतात. अट तिथे घाला, सगळ्या माध्यमांना सारखी. संस्थेचे व्यवस्थापन तिच्याच हातात राहील. फक्त पहिलीचा प्रवेश मुलाखतीने नव्हे, चिठ्ठीने होईल.

तळेकाठ, पायवाटेने मोजायचे हे मान्य. वस्ती अडकण्याचे म्हणाल तर मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज शहराने १९८१ पासून वेगळी पद्धत ठेवली आहे. पालक पसंतीक्रम देतात आणि वाटप करताना शाळेतली मिसळण राखली जाते. आधी ती वंशावर होती, पुढे घरच्या उत्पन्नावर आणली. आपण तीन शाळांचा पसंतीक्रम घेऊ शकतो.

पाटी

उत्पन्न ठरवणार कशावरून, तेही सांगा. गृहिणींना दरमहा मदत देणाऱ्या गृह आधार योजनेची यादी हाताशी आहे म्हणून तीच वापरतील, आणि तिला गोव्यात पंधरा वर्षे राहिल्याची अट आहे. बायणा किंवा मोतीडोंगरावरच्या कामगारांची मुले पहिल्याच चाळणीत गळतील. त्यापेक्षा अर्जात आईचे शिक्षण विचारा, दाखला मागू नका.

दुसरे, चिठ्ठ्या एप्रिलमध्ये निघतील. बांधकामे पाऊस ओसरल्यावर जोर धरतात, आणि मजुरांची कुटुंबे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येतात. कायद्याने वर्षात कधीही प्रवेश नाकारता येत नाही, जन्मदाखला नसला तरीही. पण अनुदानित शाळा 'जागा भरल्या' म्हणते आणि उशिरा आलेले प्रत्येक मूल सरकारी शाळेत येते. चिठ्ठी कितीही प्रामाणिक असो, वर्षभर दार उघडे ठेवणारी शाळा एकच राहते. त्या वर्गात डिसेंबरला कन्नड बोलणारी पाच नवी मुले येतात, तेव्हा शिक्षक तेवढेच असतात.

खडूफळा

हे माझ्याकडून सुटले होते. मग प्रत्येक अनुदानित शाळेने पहिलीच्या तीसपैकी चार जागा ३१ डिसेंबरपर्यंत मोकळ्या ठेवाव्यात, आणि त्या कोणाला दिल्या ते भागशिक्षणाधिकाऱ्यांनी पालक-शिक्षक संघासमोर वाचून दाखवावे. बालरथाची अट मात्र मी मागे घेणार नाही.

तळेकाठ

चार जागांना माझा पाठिंबा. बालरथाला नाही. ज्या वाड्यावरच्या सरकारी शाळेत दोन शिक्षक खरोखर हजर असतात तिथली बस बंद करा, एकशिक्षकी शाळेच्या दारातली नको.