विष्णुक्रांता दोनदा मेली, काय चुकतंय?

निळाई:
बागेत एक उताराचा कोपरा आहे, दिवसभर ऊन. पाणी वाचावं म्हणून तिथलं लॉन काढून टाकलं आणि निळ्या फुलांचं, वर्षानुवर्षं टिकणारं, आपल्याच मातीतलं काहीतरी हवं म्हणून नर्सरीतून विष्णुक्रांता आणून लावली. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), शेणखत भरपूर घातलं, रोज झारीने पाणी, तरी पंधरा दिवसांत पानं पिवळी पडून बुंधा काळा झाला. दुसऱ्या रोपाचंही तेच. फार जीव लावला होता हो, काय करू?

मुरूममाती:
ताई, रोजचं पाणीच नडलं. ही माळावरची, मुरमात दगडगोट्यात वाढणारी, जमिनीखाली तिचा लाकडासारखा टणक गड्डा होतो आणि उन्हाळ्यात वरचं सगळं वाळलं तरी पाऊस पडला की त्यातूनच परत फुटते. कोकोपीट पाणी धरून ठेवतं, ते काढाच. निम्मी माती, निम्मा मुरूम किंवा जाड वाळू, बास, खत नको. पावसाच्या तोंडावर लावा, मुळं धरेपर्यंत बोट खुपसून माती कोरडी लागली तरच पाणी, तेही बुंध्यावर नाही. आणि दुपारी फुलं मिटलेली दिसली की लगेच पाणी घालू नका, ती सकाळीच उमलतात, तिची पद्धतच आहे ती.

रानवाट:
रोप नक्की कुठलं होतं? नर्सरीत इव्हॉल्व्ह्युलस म्हणून मिळतं ते बहुतेक वेळा ब्राझीलकडचं असतं, छान आहे पण आपलं नाही. आपल्या विष्णुक्रांतेचं फूल सेंटीमीटरभर सुद्धा नसतं आणि दोऱ्यासारख्या बारीक लांब देठावर येतं, फांद्या जमिनीसरपट. त्या दुसऱ्याचं फूल मोठं, पानाच्या बगलेत चिकटून.

निळाई:
आत्ता उपटून बघितलं. मूळ चिमटीत धरून ओढलं तर साल मोज्यासारखी निघून आली, आत नुसता दोरा, म्हणजे मूळ कुजलंच होतं. आणि जुन्या फोटोत फुलाला देठच नाहीये 😞 मग खरी कुठून आणू? माळावरून उपटून आणली तर?

रानवाट:
उपटू नका प्लीज, मूळ तुटतं, जगत नाही आणि माळावरचीही जाते. बी घ्या. बोंडं सुकून तपकिरी झाली की चार-पाचच तोडा, एकेकात जास्तीत जास्त चार बिया असतात. साल कडक असते म्हणून सँडपेपरवर हलकं घासून रात्रभर भिजवा, फुगलेल्या तेवढ्या थेट त्या उतारावरच पेरा.