५०० गिगावॅट झाले, तरी संध्याकाळी सातला काय?

सिन्नरचा शेतकरी: नमस्कार मंडळी. २०३० पर्यंत कोळसा-गॅस वगळून ५०० गिगावॅट क्षमता उभारायचं केंद्राचं लक्ष्य आहे. मे २०२४ मध्ये देशाची मागणी २५० गिगावॅटवर गेली होती. म्हणजे गरजेच्या दुप्पट की! मग कोळशाचे वीजसंच ठेवायचे कशाला? आमच्या फीडरला, म्हणजे वीजवाहिनीला, आता सौरची थ्री फेज दिवसा मिळते. रात्री बिबट्याच्या धाकात मोटर चालू करायला जाणं सुटलं, म्हणून विचारतोय.

पाटणकरीण: आमच्या वनकुसवड्याच्या पठारावरच्या पवनचक्क्या आषाढात गरगरतात आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात ढिम्म उभ्या असतात. हे त्या ५०० मध्ये धरलंय का?

निवृत्त पारेषणवाला: भाऊ, ती झाली क्षमता. सौरचा १ मेगावॅट वर्षाच्या सरासरीत जेमतेम पाव मेगावॅट देतो, तोही दिवसाच. विजेची मागणी-पुरवठा जुळवणाऱ्या भार प्रेषण केंद्रात नोकरी झाली माझी, दुपारचं कुणाला टेन्शन नसतं. सौर उतरते आणि नेमके तेव्हाच घरोघरी दिवे, मिक्सर, एसी लागतात, तिथे घाम फुटतो. कोळशाचा थंड पडलेला बॉयलर तापायला कित्येक तास घेतो, म्हणून दुपारी गरज नसली तरी संच कमी भारावर रखडत चालू ठेवतात.

पाण्यावरची वीज मात्र मिनिटांत हजर. ५ एप्रिल २०२० ला रात्री नऊला लोकांनी नऊ मिनिटं दिवे मालवले, तेव्हा देशाचा भार सुमारे ३१ हजार मेगावॅटने पडला आणि लगेच पुन्हा चढला. तो मुख्यतः जलविद्युत संचांनीच पेलला.

सिन्नरचा शेतकरी: मग कोयनाच चालवा ना रोज संध्याकाळी, दाबून!

निवृत्त पारेषणवाला: १९६० मेगावॅटची आहे खरी, पण विजेसाठी पश्चिमेला वळवायचं पाणी वर्षाला ६७.५ टीएमसी (अब्ज घनफूट), कृष्णा पाणी तंटा लवादाने बांधून दिलेलं. घाटघरचा जलविद्युत प्रकल्प बघा. २५० मेगावॅटच, पण तेच पाणी खाली सोडायचं, पुन्हा वर चढवायचं. पूर्वीचा हिशेब रात्रीच्या फालतू विजेवर पाणी चढवायचा होता, आता ते दुपारच्या सौरवर चढवा. चार युनिटं घालून तीन मिळतात, चालेल. मंत्री पॅनल मोजतात. मी साठवलेली वीज किती तास पुरेल ते विचारीन. आणि तुमचे पंप दिवसा गेले, तेवढा रात्रीचा भार फुकटात हलला.

पाटणकरीण: सह्याद्रीत आणखी घाटघरं बांधा म्हणणं सोपं आहे, काका. कोयनेचे धरणग्रस्त अजून जमिनीसाठी आंदोलनाला बसतात. नव्या तलावाखाली कोणाचं शिवार जाणार, ते आधी सांगा.