मदत हवी आहे: कंपनीत युनियन निघतेय, सही करू की नको?

नमस्कार मंडळी. मी चाकण एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत सीएनसी मशीनवर (कॉम्प्युटरवर चालणारं) आहे. आयटीआय टर्नर, परमनंट. परमनंट आम्ही १४० च्या आसपास. कंत्राटी आणि ट्रेनी त्याच्या तिप्पट. कंपनीचं नाव विचारू नका.

आमच्याकडे युनियन कधीच नव्हती. दर एप्रिलला बंद पाकिटात पत्र मिळतं, किती वाढ झाली ते एकमेकांना सांगायचं नाही. कळतं तरीही. यंदा माझ्यामागून लागलेल्या पोराला माझ्यापेक्षा जास्त मिळाली, वर कँटीनचे पैसे कापायला लागले. त्यावरून पोरं पेटली. एका बाहेरच्या युनियनचे लोक भेटून गेले, आता सह्या चालू आहेत.

सासरे पिंपरीच्या एका मोठ्या कंपनीतून रिटायर झाले. त्यांचं घर, पोरांची शिक्षणं सगळं युनियनने केलेल्या पगाराच्या करारांवर झालं, त्यामुळे त्यांच्या मते यात विचारण्यासारखं काही नाहीच. चुलतभाऊ हिंजवडीत आयटीत आहे. तो म्हणतो, युनियन आता कालबाह्य झाली, पटत नसेल तर कंपनी बदल. त्याला बदलता येते. मी ४१ वर्षांचा. ही नोकरी गेली तर कंत्राटदाराच्या रांगेत उभं राहावं लागेल. घराचे हप्ते बरेच बाकी आहेत.

मागच्या आठवड्यात एचआरने आम्हा जुन्या लोकांना चहाला बोलावलं. आपलं एक कुटुंब आहे, मध्ये तिसरा कशाला, वर्क्स कमिटी (मॅनेजमेंट आणि कामगारांची मिळून समिती) आहे ना, वगैरे. त्या कमिटीत आजवर सेफ्टी बूट आणि दिवाळीचा मिठाईचा बॉक्स एवढंच ठरलंय.

तर, आजच्या कंपन्यांत युनियनचा खरंच फायदा होतो का? आणि पहिल्याच यादीत नाव घालावं, की थांबून बघावं? पक्षाचं राजकारण नको, अनुभव सांगा.

घोडेगावकर: पहिल्या यादीत अजिबात नको. आमच्याकडे पुढाकार घेणाऱ्यांची थेट उत्तराखंडातल्या पंतनगरला बदली झाली. दोघांनी राजीनामे दिले, बाकीचे गप्प झाले.

निवांत_माणूस: दत्ता सामंत, १९८२ चा मुंबईचा गिरणी संप, अडीच लाख गिरणी कामगार रस्त्यावर. अजून काय सांगायचं?

पावतीपुस्तक: १९८२ आणायचंच तर पूर्ण आणा. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने बोलणी करायचा हक्क राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता आणि कामगार सामंतांच्या मागे होते. लोक एकीकडे, मान्यता दुसरीकडे. धागाकर्त्याने त्यातून हेच बघायचं, की मान्यता कोणाकडे असणार.

मी भोसरीत एका कंपनीत अंतर्गत युनियनचा सेक्रेटरी होतो. फायदा होतो, पण युनियन आली म्हणून नोकरी जन्माची पक्की होत नाही. पगारवाढ साहेबाच्या मर्जीतून निघून कागदावर येते. बेसिक किती, डीए किती, कुठल्या ग्रेडला किती हे सगळ्यांना दिसतं आणि कराराची मुदत संपेपर्यंत एकतर्फी बदलता येत नाही. तुमचं बंद पाकीट तिथे संपतं. वर्क्स कमिटीचं काम सलोखा राखण्याचं, पगाराचा करार तिच्या हातात नाही. बूट आणि मिठाईच्या पुढे ती जाणार नाही.

आता सह्या. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू आहे, १९२६ चा ट्रेड युनियन कायदा तिच्यात गेला. नोंदणीचा अर्ज सात जण करू शकतात, पण एकूण कामगारांच्या १० टक्के किंवा १००, यातला जो आकडा लहान तेवढे सभासद लागतात. तेवढ्यावर घाई करू नका. तुम्ही अर्ज टाकला की दुसरी युनियन उगवते, कोणाच्या आशीर्वादाने ते तुम्हीच ओळखा. दोन युनियन झाल्या की एकट्याने बोलणी करायला ५१ टक्के लागतात. तेवढे कोणाकडेच नसतील तर २० टक्क्यांवरच्या सगळ्यांची मिळून वाटाघाटी परिषद, म्हणजे ती आशीर्वादवाली युनियनही तुमच्या शेजारी खुर्ची टाकून बसणार. आधी निम्म्याच्या बरेच वर जा, तोवर व्हॉट्सॲपवर ब्र काढू नका.

घोडेगावकर म्हणतात तो धोका खरा आहे. युनियन केली म्हणून धमकावणं, सूडाने बदली करणं ही कायद्यात अनुचित कामगार प्रथा आहे, पण ते सिद्ध करण्यात वर्षं जातात. पदाधिकाऱ्यांपैकी काही जणांना संरक्षित कामगार म्हणून मान्यता घेता येते. वाद चालू असताना त्यांना परवानगीशिवाय काढता येत नाही. संख्या एकूण कामगारांच्या एक टक्का, पण कमीत कमी पाच. तुमच्याकडे पाचच. बाकीच्यांचं संरक्षण म्हणजे यादीची लांबी. दहा जणांच्या यादीतून दोघांना उचलणं सोपं असतं, शंभरांतून नाही.

आणि उठसूट संप नको. १४ दिवसांची नोटीस लागते. निम्म्या लोकांनी मिळून एकाच दिवशी रजा टाकली तर तोही संपच धरतात. २०१३ मध्ये तुमच्याच चाकणमध्ये बजाज ऑटोच्या कामगारांनी सवलतीत शेअर मागत जवळपास ५० दिवस काम बंद ठेवलं. शेअर मिळाले नाहीत. उलट २०२४ मध्ये श्रीपेरुंबुदूरला सॅमसंगच्या कामगारांनी ३७ दिवस संप केला, मुख्य मागणी युनियनच्या मान्यतेची. जानेवारी २०२५ मध्ये नोंदणी पदरात पडली.

कावेरी_एम: मी एचआरमध्ये आहे, शिव्या नंतर घाला. मॅनेजमेंटला पगारवाढीची एवढी भीती नसते. माणूस या लाइनवरून त्या लाइनवर, या शिफ्टमधून त्या शिफ्टमध्ये हलवायची मोकळीक जाते, ते खुपतं. बाकी ज्या प्लांटमध्ये समंजस युनियन होती तिथे माझी झोप चांगली होती.

धागाकर्त्यांना सांगेन, त्या बाहेरच्या पुढाऱ्यांकडून त्यांनी इतर कंपन्यांत केलेल्या करारांच्या प्रती मागा आणि आधी उत्पादनवाढीचं कलम वाचा. किती रुपयांच्या बदल्यात किती नग वाढवून दिलेत ते तिथे असतं. प्रती द्यायला टाळाटाळ केली तर उत्तर मिळालंच. आणि करार सहायक कामगार आयुक्तांपुढे, समेटाच्या प्रक्रियेतच करा. परस्पर केलेला करार सही करणाऱ्या पक्षांनाच बांधतो, समेटातला सगळ्या कामगारांना लागू होतो.

बॅज_निळा: सगळं वाचलं. १४० परमनंट आणि आम्ही तिप्पट. मी दुसऱ्या कंपनीत कंत्राटी आहे, युनियन असलेल्या. करार झाला तेव्हा परमनंटवाल्यांनी गुलाल उधळला आणि त्याच महिन्यात आमच्यातली काही पोरं कमी केली. वाढीचा खर्च कुठून तरी काढतातच ना. कमिटीतला एक जण बोलला नाही.

पावतीपुस्तक: हे खरं आहे, आमच्या वेळीही झालं. आणि यात परमनंटचाही तोटाच आहे. मुख्य उत्पादन कंत्राटी पोरं चालवू शकत असतील तर तुमच्या संपाला कोण विचारतो? नव्या कामगार कायद्यांत मुख्य कामावर कंत्राटी कामगार लावायला मनाई आहे, अर्थात पळवाटांसकट. ठरावीक मुदतीवर घेतलेल्याला एका वर्षानंतर ग्रॅच्युईटीचा हक्क आहे. हे मुद्दे मागणीपत्रात घालायला काय हरकत आहे?

धागाकर्ता: सगळ्यांचे आभार. एक अडचण सांगायची राहिली. मागच्या वर्षी आम्हा २०-२५ जणांचं पद 'असोसिएट इंजिनिअर' केलं. काम तेच, मशीन तेच. एचआर म्हणतं तुम्ही आता स्टाफ, तुम्हाला युनियन लागू नाही.

कावेरी_एम: पत्रावर काय छापलंय त्याला किंमत नाही, तुम्ही रोज मुख्यतः काय काम करता ते कोर्ट बघतं. कायद्याने 'कामगार' कोण हे ठरवताना धरतात ती महिना १८,००० ची पगारमर्यादा सुपरवायझरचं काम करणाऱ्यांसाठी आहे. मशीन चालवणाऱ्याचा पगार कितीही असो, तो कामगारच. फक्त एक करा, कोणाच्या रजा मंजूर करणं, मेमोवर सही करणं असली कामं 'जरा बघा' म्हणून दिली तर घेऊ नका.

धागाकर्ता: रजेच्या अर्जांवर सही करायला गेल्या महिन्यापासूनच सांगतायत. आता लक्षात आलं कशाला ते. उद्यापासून परत पाठवतो. कराराच्या प्रती मागितल्यात, त्या आल्या की सही करेन, मात्र यादी शंभरावर जाईपर्यंत ती कोणाला दाखवायची नाही या अटीवर. @बॅज_निळा, तुमचा मुद्दा रविवारच्या मिटिंगमध्ये मांडतो. आमच्यातल्या निम्म्या लोकांना तो आवडणार नाही, हे आत्ताच सांगतो.

पावतीपुस्तक: मिटिंग हायवेवरच्या हॉटेलात ठेवू नका, तिथे सगळ्या कंपन्यांचे एचआर जेवायला असतात. कोणाच्या तरी गावात, घरी घ्या.