नवशिक्याला पहिल्याच दिवशी क्लास-ऑब्जेक्ट कशाला?

अर्धविराम : ज्याला फॉर लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करून घेणारी रचना) धड लिहिता येत नाही, त्याच्या हातात जावा ही प्रोग्रामिंगची भाषा देऊ नये, हे माझं स्पष्ट मत. पडद्यावर नुसता 'नमस्कार' उमटवायला आख्खा क्लास (माहिती आणि तिच्यावरची कामं एकत्र बांधणारा साचा; त्यावरून घडते ती वस्तू म्हणजे ऑब्जेक्ट) आणि आत 'पब्लिक स्टॅटिक व्हॉइड मेन'. स्टॅटिक म्हणजे काय विचारलं की सर म्हणतात, "आत्ता पाठ कर, पुढे कळेल." पायथन या भाषेत हेच काम एका ओळीचं. आधी फंक्शन (नाव दिलेला कामाचा तुकडा) आणि लिस्ट, डिक्शनरी या माहिती साठवायच्या सोयींवर हात बसू दे. क्लास पुढच्या सेमिस्टरला बघू.

जुना_खोड : माहिती अपडेट करा. सप्टेंबर २०२५ मध्ये आलेल्या जावा २५ मध्ये क्लास न लिहिता नुसत्या 'व्हॉइड मेन'वर प्रोग्राम चालतो. हे रडगाणं आता पुरे.

अर्धविराम : आणि लॅबमध्ये काय आहे? कित्येक ठिकाणी अजून टर्बो सी++ची निळी खिडकीच उघडते. सी++ भाषेचं पहिलं प्रमाणीकरण १९९८चं, हा कंपायलर (प्रोग्राम तपासून यंत्राच्या भाषेत बदलणारं सॉफ्टवेअर) त्याच्याही आधीचा. जर्नलमधला प्रोग्राम पोरं घरच्या कंपायलरवर टाकतात आणि पहिल्याच 'आयोस्ट्रीम डॉट एच' या जुन्या पद्धतीच्या ओळीला एरर.

चहाबाज : भाषेवरून कसले भांडताय, उदाहरणं बघा आधी! कुत्रा प्राणी, मांजर प्राणी, दोघांचं 'आवाज काढ' वेगळं. झालं इन्हेरिटन्स, म्हणजे एका क्लासवरून दुसरा बेतणं. यातून पोराची अडचण काय सुटली? त्यापेक्षा बँकेचं खातं घ्या. शिल्लक उघडी ठेवली तर प्रोग्राममधली कुठलीही ओळ ती उणे ५०० करू शकते. ती प्रायव्हेट करा, म्हणजे बाहेरून हात लागणार नाही, बदलायला 'पैसे काढा' आणि 'पैसे भरा' एवढ्याच मेथड (क्लासमधली फंक्शनं) ठेवा, शिल्लकेपेक्षा जास्त मागितले की नकार. हेच एन्कॅप्सुलेशन, व्याख्या घोकायची गरजच उरत नाही. पायथनमध्ये हे जमत नाही, तिथे नावाआधीचा अंडरस्कोअर म्हणजे नुसती विनंती.

जुना_खोड : +१. शिवाय पायथनमध्ये इनपुटने ५ आणि ३ घेऊन बेरीज करा, ५३ येतात, तेही विनातक्रार, कारण इनपुट आकडा नाही, स्ट्रिंग म्हणजे मजकूर देतं. जावात पूर्णांक म्हणून जाहीर केलेल्या व्हेरिएबलमध्ये स्ट्रिंग टाकायला गेलात तर कंपायलर तिथेच अडवतो.

अर्धविराम : ५३ डोळ्यांना दिसतात तरी! जावात स्कॅनरने (कीबोर्डवरून वाचणारी सोय) घेतलेलं 'हो' दोन बरोबर-चिन्हांनी 'हो'शी ताडून बघा, फॉल्स. अक्षरं तीच आहेत, पण ऑब्जेक्ट वेगळा, म्हणून अक्षरं ताडणारी 'इक्वल्स' मेथड हवी. पहिल्या महिन्यात हे कुणाच्या डोक्यात शिरणार?

जुना_खोड : पायथनची लिस्ट दुसऱ्या नावाला असाइन करा आणि दुसरीत भर घाला. पहिलीही बदलते. ऑब्जेक्टचा संदर्भ तिथेही आहेच, फक्त तुम्ही तो सेमिस्टरभर झाकून ठेवता.

अर्धविराम : झाकत नाही, वेळ आली की दाखवतो. एका खात्याचा हिशेब दोन फंक्शनांत होतो. खाती वाढली, प्रत्येकाची शिल्लक कुणाच्या नावावर हा गोंधळ झाला, की पोरगं स्वतःच विचारतं, हे एकत्र बांधता येईल का?

चहाबाज : विचारेल, पण तोवर परीक्षा होऊन गेलेली असते. अभ्यासक्रमात पॉलिमॉर्फिझमला (कुत्रा-मांजरासारखं, एकाच मेथडचं प्रत्येक क्लासमध्ये वेगळं वागणं) किती मार्क आहेत ते बघा आधी.