पी५३ सतत बनतं आणि सतत मोडलं जातं, मग बनवायचंच कशाला?

रातकिडा२१:
परवा सेमिनार आहे आणि टीपी५३ वर अडकलोय. १७व्या क्रोमोसोमवरचा जीन, त्याचं प्रोटीन पी५३, डीएनए बिघडला की पेशीचं विभाजन थांबवतं, इथपर्यंत ठीक. पण ठणठणीत पेशीतही ते सारखं बनतं आणि एमडीएम२ हे दुसरं प्रोटीन लगेच त्याची विल्हेवाट लावायला पाठवतं, मग हा उद्योग कशाला, गरज पडली की बनवायचं ना? आणि अमिनो आम्लं ३९३, वजन ४४ किलोडाल्टनच्या आसपास येतं, तर नाव ५३ कसं? माझंच गणित गंडलंय का?

जुनी_पिपेट:
गणित बरोबर आहे रे. १९७९ला सापडलं तेव्हा जेलवर (तिथे प्रोटीनं वजनानुसार वेगळी होतात) त्याचा बँड, म्हणजे रेघ, ५३ला दिसला म्हणून ५३. त्यात प्रोलीन या अमिनो आम्लाचा एक भरगच्च पट्टा आहे, त्यामुळे जेलमधून रखडत जातं आणि आहे त्यापेक्षा जड वाटतं. मी पहिल्या ब्लॉटला (जेलवरचं प्रोटीन अँटीबॉडीने शोधतात ती चाचणी) ४४पाशी बँड शोधत बसलेलो, अँटीबॉडी गेली कामातून असं धरून चाललो होतो, आणि पठ्ठ्या वर ऐटीत बसलेला!

बनवण्याचं म्हणशील तर जीन चालू करा, आरएनए बनवा, मग प्रोटीन, यात वेळ जातो. इथे माल तयार असतो, फक्त मोडणं थांबवायचं. डीएनएचे दोन्ही धागे तुटले की एटीएम काइनेज हे फॉस्फेट लावणारं एन्झाइम जागं होतं, पी५३ आणि एमडीएम२ दोघांनाही फॉस्फेट लावतं, एमडीएम२ची पकड सुटते आणि पी५३ साचायला लागतं. वर एमडीएम२चा जीन चालू करणारंही पी५३च, म्हणजे आपल्याला आवरणाऱ्याला आपणच बोलवायचं.

केंद्रक:
उंदरांचा प्रयोग सांगच सेमिनारला. एमडीएम२ काढलेले उंदीर गर्भातच मरतात, पण सोबत पी५३ही काढलं तर जगतात. आवरणारं कुणी नसेल तर पी५३ काय करतं ते यात दिसतं.

रातकिडा२१:
भारी! पण पेशीला नुसतं थांबवायचं की मारायचं, हे कशावर ठरतं?

जुनी_पिपेट:
बिघाड किती आणि किती वेळ टिकला, पेशी कुठली, बऱ्याच गोष्टी. थांबवायचं तर पी५३ विभाजन रोखणाऱ्या पी२१ प्रोटीनचा जीन चालू करतं, दुरुस्तीला उसंत मिळते. मारायचं तर प्यूमा, बॅक्स वगैरे पेशी मारणाऱ्या प्रोटीनांचे, मग मायटोकॉन्ड्रियाला भोकं पडतात. फक्त एक बटण दाबलं की हे आणि दुसरं दाबलं की ते, असं सांगू नकोस, कुणीतरी उठून प्रश्न विचारणारच.

केंद्रक:
आणि पी५३ चार-चारच्या जुडीत काम करतं हे विसरू नको. जुडीत बिघडलेली प्रत घुसली की चांगल्या प्रतीही अडतात.