ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी अड्ड्यावरच वर्ग भरवावा का?

प्रश्न:
आमच्या भागात दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या येतात आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप हंगाम संपेपर्यंत, कारखान्याजवळच्या अड्ड्यावर कोप्यांत (तात्पुरत्या झोपड्यांत) राहतात. भल्या पहाटे आईबाप उसाच्या फडावर गेले, की आठ-नऊ वर्षांच्या मुली धाकट्या भावंडांना सांभाळत दिवसभर अड्ड्यावरच थांबतात. आम्ही काही निवृत्त शिक्षक तेथेच वर्ग सुरू करण्याच्या विचारात आहोत. कोणास अनुभव असल्यास मार्गदर्शन करावे.

उत्तर 1:
विचार चांगला आहे. तथापि या मुलांचा पहिला हक्क जवळच्या शाळेवर आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार 6 ते 14 वर्षांच्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश द्यावाच लागतो आणि गावाकडच्या शाळेचा दाखला येण्यास उशीर झाला, या कारणावरून तो नाकारता येत नाही. स्थलांतरित मुलांना मूळ शाळेकडून मिळणारे शिक्षण हमी कार्ड सोबत असल्यास मूल कोणत्या वर्गात होते, हे लगेच कळते. आपला वर्ग कितीही मनापासून चालवला, तरी मुलाचे नाव शाळेच्या पटावर येत नाही आणि शालेय पोषण आहारही त्याला मिळत नाही. म्हणून आपण शाळेत नाव घालणे, रोजची ने-आण आणि संध्याकाळचा अभ्यास एवढे पाहावे.

उत्तर 2:
वरील मत मान्य आहे, पण मुलगी शाळेत का येत नाही, याचे कारण तिच्या कडेवरच बसलेले असते. आमच्याकडे पटावर नाव असूनही मुली येत नव्हत्या. अड्ड्यावर पाळणाघर सुरू झाल्यावर त्यांतील बऱ्याच येऊ लागल्या. मात्र ते सकाळी दहाला उघडून चालत नाही, कारण कोयते (ऊस तोडणाऱ्या जोड्या) अंधारातच फडाकडे निघतात. त्याचबरोबर अंगणवाडी सेविकेकडे सहा वर्षांखालील प्रत्येक मुलाची आणि गरोदर मातांची नोंद करून घ्यावी, म्हणजे पोषण आहार व लसीकरण सुटत नाही.

उत्तर 3:
मी बीड जिल्ह्यात शिक्षिका आहे. टोळी निघण्यापूर्वीच पालकांशी बोलणे झाले, तर काही मुले आजी-आजोबांजवळ राहून हंगामी वसतिगृहातील जेवणाच्या आधाराने गावातच शिकू शकतात. परंतु वयात आलेल्या मुलीला मागे ठेवायला आईबाप धजत नाहीत, आणि याच काळजीपोटी अनेकींची लग्ने अठराच्या आत उरकली जातात. तुमच्या अड्ड्यावर अशी कुजबुज ऐकू आली, तर 1098 या बालसाहाय्य क्रमांकावर तत्काळ कळवावे.