मदत हवी आहे: दोन बोर्डांची घड्याळं जुळेनात, पेटी आत शिरण्याआधीच बाहेर!

दोन ईएसपी३२ (वायफाय असलेले छोटे मायक्रोकंट्रोलर) बोर्ड आहेत. एक कन्व्हेअरच्या कडेला, दुसरा त्यावरून सरकणाऱ्या गाड्यावर बॅटरीवर चालणारा, त्यामुळे वायर ओढता येत नाही. पेटीला दोन सेन्सरमधलं अंतर कापायला साधारण ४० मिलिसेकंद लागतात. कालच्या लॉगमधली नोंद बघा: आत ११:४२:०७.३१८, बाहेर ११:४२:०७.२९१. डोक्याला हात लावला!

दोन्ही बोर्ड वायफायवरून एकाच लोकल एनटीपी (नेटवर्कवरून घड्याळ जुळवायची पद्धत) सर्व्हरकडून तासाला एकदा वेळ घेतात. टेबलावर एकच बटण दोघांना जोडून पाहिलं. वेळ घेतल्या घेतल्या फरक बहुतेकदा ४-५ मिलिसेकंद, पण मधूनच एकदम ४०. शिवाय तासाभरात तो आणखी ३० नी सरकतो. हे सरकणं बोर्डाच्या घड्याळाला ताल देणाऱ्या क्रिस्टलचं, ८ पीपीएमच्या (दहा लाखांत ८) आसपास, ते समजलं. पण मधली उडी कसली? पीटीपी (एनटीपीपेक्षा काटेकोर वेळ जुळवायची पद्धत) वापरलं तर जाईल का?

उत्तर:
वायफायचा पॉवर सेव्ह (बॅटरी वाचवायला रेडिओ मधूनमधून झोपवणं) चालू असणार. तुमची विनंती लगेच जाते, पण उत्तर येईपर्यंत बोर्ड झोपलेला, म्हणून ॲक्सेस पॉइंट (वायफाय राउटर) ते पुढच्या बीकनपर्यंत, म्हणजे तो ठरावीक वेळाने पाठवतो त्या संकेतापर्यंत, धरून ठेवतो. बीकन सहसा दर १०२.४ मिलिसेकंदांनी. जायला-यायला सारखाच वेळ लागतो असं एनटीपी धरून चालतं, म्हणून या खोळंब्याचा निम्मा भाग थेट चूक होऊन घड्याळात शिरतो. ५० पर्यंत सहज.

पीटीपीच्या मागे लागू नका. पॅकेट हवेत नेमकं कधी गेलं ही नोंद हार्डवेअरने ठेवली नाही, तर तेही तिथेच अडकतं. आणि मुळात तुम्हाला घड्याळातली वेळ हवीये कशाला? दोघांना एकच मोजणी मिळाली की झालं. बीकनमध्ये टीएसएफ नावाचा मायक्रोसेकंदांचा काउंटर असतो, एकाच ॲक्सेस पॉइंटला जोडलेले बोर्ड त्याच्याशी जुळवून घेतात. ईएसपी-आयडीएफमध्ये (या बोर्डांच्या अधिकृत सॉफ्टवेअर किटमध्ये) तो वाचायचं फंक्शन आहे. फक्त ॲक्सेस पॉइंट रीस्टार्ट झाला की काउंटर शून्यापासून, ते कोडमध्ये सांभाळा.

धागाकर्ता:
पॉवर सेव्ह बंद केला, उडी गेली! वेळ घेतल्यावर फरक आता ३ च्या आत. टीएसएफ आज रात्री करून बघतो. पण गाड्यावरची बॅटरी आता दुपारीच मान टाकते. रेडिओ झोपवून, फक्त पेटी यायच्या आधी उठवून काउंटर वाचला तर चालेल का? कुणी केलंय असं?